खिडकीखालचं वळण

या, थोडं पुढे सरकून बसा. दाराजवळ वारा लागतो, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. तळहाताएवढ्या एका हिरव्या मोटारीची ही गोष्ट आहे, आणि ती मोटार भर वेगात भिरकावणाऱ्या एका भाविक बाईची. ऐकून उठाल तेव्हा मन बसताना होतं त्याहून थोडं हलकं झालेलं असेल, एवढा शब्द मी देतो.

तर हिरवी मोटार खिडकीखालच्या वळणावर खाचेतून निसटली, हवेत उलटी झाली, आणि इस्लविननं ती ओंजळीत झेलली. घरट्यातून पडलेलं पिल्लू झेलावं तशी. गुडघा लाकडावर आपटला त्याचं त्याला भान नव्हतं.

"धरलीस?" टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून टेग्वेन ओरडली.

"धरली."

"मग ठेव की परत! बाकीचे गेले पुढे."

इस्लविननं मोटार एकदाच फिरवून पाहिली. कुशीला चिकटवलेली रुपेरी धुराची नळी शाबूत होती. चालवणाऱ्याचं इवलं डोकं जागच्या जागी होतं. त्यानं मोटारीच्या नाकाखालची जीभ खाचेत बसवली, बोट काढलं, आणि ती भुंग्यासारखी गुणगुणत निघून गेली.

"ही आजची कितवी खेप?" एमलिन खाटीक शर्यतीचे फेरे मोजता मोजता म्हणाला. "इस्लविन, तुला रग्बीच्या संघात घ्यायला हवं होतं रे. असा झेल आपल्या पोरांना हल्ली जमत नाही."

सगळे हसले. टेग्वेन सगळ्यांत मोठ्यानं हसली. इस्लविन हसला नाही. त्याची नजर पळत्या मोटारीमागे फिरत होती.

कुम ऐथिनच्या दरीत बेथेल चॅपलच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी या छोट्या मोटारींच्या शर्यतींचा क्लब भरे. लाकडी टेबलावर नागमोडी मार्ग, त्यात चार खाचा, खाचेच्या दोन्ही कडांना वीज वाहणाऱ्या पट्ट्या. हातातला खटका दाबला की मोटार पळते, जास्त दाबला की वळणावर निसटते. चौघं शर्यत लावत तेव्हा उरलेले चौघं चार वळणांवर उभे राहत आणि पडलेल्या मोटारी उचलून परत खाचेत ठेवत. पुढच्या शर्यतीत आलटापालट. हा नियम कुणाला चुकत नसे. पडलेली मोटार मित्राची असो की वैऱ्याची, वळणावरच्या माणसानं ती उचलायची आणि वेळ न घालवता परत ठेवायची. चॅपलच्या प्रोसर पाद्रींनी एकदा खोलीत डोकावून हे पाहिलं होतं आणि म्हणाले होते, माझे निम्मे उपदेश या टेबलाला आधीच ठाऊक आहेत.

पण टेग्वेनची हिरवी मोटार ही चालवायची वस्तूच नव्हती. साठ वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्यानं बाटलीच्या काचेसारख्या त्या हिरव्या रंगात मोजक्या मोटारी काढल्या आणि कारखाना बंद पडला. देशभरात आता तीन-चार उरल्या असतील. जुन्या मोटारी जमवणारी माणसं अशी वस्तू पेटीत ठेवतात, पेटी काचेच्या कपाटात ठेवतात आणि कपाटाची किल्ली उशाखाली. कार्डिफहून एक संग्राहक एका गुरुवारी मुद्दाम ती पाहायला आला होता. त्यानं ती वळणावर कोलांटी घेताना पाहिली, खुर्चीवर बसला, आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

"त्याला काय झालं?" टेग्वेननं विचारलं होतं.

"तू त्याच्या आईला जिन्यावरून ढकललंस, टेग्वेन," एमलिन म्हणाला होता.

मोटार तिच्या नवऱ्याची, मेरिगची. मेरिग मागच्या हिवाळ्यात गेला. तो होता तोवर ती कपाटात होती आणि टेग्वेनच्या वाट्याला फक्त कपाटाची काच पुसणं होतं. तो गेल्यावर महिनाभरात ती पिशवीत मोटार घेऊन क्लबात आली. म्हणाली, जन्मभर पुसली, आता जरा चालवते.

इस्लविनला ती मोटार हवी होती हे दरीत सगळ्यांना माहीत होतं. त्यामागचं भांडणही. वीसेक वर्षांपूर्वी याच चॅपलमध्ये जुन्या सामानाची विक्री होती. बिस्किटांच्या एका डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली, ती हिरवी मोटार पडलेली इस्लविन आणि मेरिग दोघांनीही एकाच क्षणी पाहिली. पण विक्रीच्या आधी प्रार्थना असते. इस्लविननं मान लववली, डोळे मिटले. पाद्रींनी आमेन म्हटलं, यानं डोळे उघडले, तर मोटार मेरिगच्या हातात.

इस्लविन पियानो सुरात लावायचा. दरीतल्या प्रत्येक घरात त्याचं जाणं-येणं, त्याला सगळे इस्लविन सूरवाला म्हणत. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, देवासमोर डोळे मिटलेस की नाहीस?" मेरिग शांतपणे म्हणाला, "डोळे मिटले होते. हात मिटायला पाद्रींनी सांगितलं नव्हतं." लोक खो खो हसले. पण पुढे वर्षभर जिथे तिथे पोरं मेरिगला हात मिटून दाखवू लागली. मेरिगनं चॅपलला येणं सोडलं. इस्लविनशी तो पुन्हा एक शब्द बोलला नाही, आणि इस्लविननंही बोलावं असं काही केलं नाही. क्लबात मात्र दोघं यायचे. एकमेकांच्या पडलेल्या साध्या मोटारी उचलून ठेवायचे. तोंडानं नव्हे, नियमानं.

त्या झेलानंतरच्या शनिवारी इस्लविननं चांगला कोट घातला आणि टेग्वेनचं दार वाजवलं.

ती तव्यावर मनुकांचे छोटे केक भाजत होती. तिनं त्याला पाहिलं, खुर्चीवरचं मांजर उठवलं, आणि काही न विचारता दुसरा कप काढला.

"बोल. कोट घालून आलायस म्हणजे मागणं आहे."

"नळीला परवा शेवटच्या झेलात बारीक तडा दिसला मला," इस्लविन म्हणाला. "डाव्या कुशीला. अजून एकदा पडली तर तुटेल. तसली नळी आता मिळायची नाही कुठे."

"आणि?"

"आणि चालवू नकोस ती. तुला चालवायचीच असेल तर माझ्याकडच्या साध्या घे. नाहीतर ही मला दे, मी सांभाळतो. बदल्यात माझ्या कपाटातलं हवं ते उचल. सगळं कपाट उचल."

टेग्वेननं केक उलटले. तव्यावर साखर करपल्याचा वास आला.

"देता यायची नाही मला."

"का?"

"शब्द दिलाय. मेरिग इस्पितळात होता तेव्हा. माझा हात धर्मग्रंथावर ठेवून घेतला त्यानं. ती मोटार इस्लविनच्या हातात देणार नाहीस, म्हण. मी म्हटलं, देणार नाही." तिनं भाजलेला एक केक त्याच्या बशीत टाकला. "खा. गरम आहे तोवर."

इस्लविननं केक हातात घेतला पण खाल्ला नाही.

"एवढा राग होता त्याचा?"

"राग कसला रे. लाज होती. त्याला गाणं प्रिय. पाद्री प्रोसरांचा उपदेश सुरात शिरायला लागला की तो बाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकायचा. आत यायचा नाही. पावसात उभा राहायचा, वेडा." ती हसली, मग मांजराकडे बघत राहिली. "दुसऱ्या दिवशी मी विचारलं त्याला, अजून तेच म्हणतोस का? त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. बोलला नाही. संध्याकाळी गेला."

इस्लविननं अखेर केकचा तुकडा तोंडात टाकला.

"मग निदान नीट चालवायला शिक," तो म्हणाला. "वळणाआधी बोट सैल सोडायचं असतं. तू दाबून धरतेस."

"शिकव की. मी कुठे नाही म्हणते?"

त्यानं शिकवलं. पुढचे तीन गुरुवार क्लब भरायच्या आधी दोघं येत. क्लबची एक खरचटलेली निळी मोटार होती, कुणीही वापरावी अशी; तीच ते घेत. इस्लविन तिच्याशेजारी उभा राहून सांगे, "आता सोड. आता हळूच दाब. ऐक, आवाज खाली उतरला पाहिजे." टेग्वेन हां हां म्हणे. तिचं बोट हलकं होतं, वीस वर्षं चॅपलमध्ये ऑर्गन वाजवलेलं बोट. तिसऱ्या गुरुवारी निळी मोटार तिच्या हातून एकदाही पडली नाही.

आणि मग शर्यत सुरू झाली, तिनं हिरवी लावली, आणि खिडकीखालच्या वळणावर ती थेट इस्लविनच्या छातीवर येऊन आदळली.

"अगं!" इस्लविन कळवळला.

"चुकलं," टेग्वेन म्हणाली. "ठेव, ठेव."

त्या रविवारी इस्लविन चॅपलमध्ये नेहमीच्या बाकावर बसला होता. प्रोसर पाद्रींचा उपदेश नेहमी सामानाची यादी वाचल्यासारखा सुरू व्हायचा. मग कुठेतरी एक शब्द ते जरा लांबवायचे. मग एका वाक्याला दोन सूर लागायचे, मग तीन, आणि बघता बघता बोलणं गाणं होऊन जायचं आणि बाकांवरची म्हातारी माणसं पुढे सरकून बसायची. ते कधी होणार हे इस्लविनला आधी कळे. पाद्रींचा श्वास आधी खोल जाई. गाणं सुरू होण्याआधी श्वास सांगतो. चाळीस वर्षांत त्याचा अंदाज क्वचित चुकला असेल.

त्या दिवशीही त्यानं तो श्वास ऐकला. आणि त्याच क्षणी पुढच्या बाकावर टेग्वेनचे खांदे वर झाले. पाद्रींचा सूर लागला तो त्यानंतर.

तिलाही ऐकू येतं, इस्लविनच्या मनात आलं. असा कान असलेल्या बाईला वळण चुकतं कसं?

गुरुवारी तो वळणावर उभा राहिला तो डोळे मिटून. एमलिननं हटकलं, "प्रार्थना का रे? मोटारी सांभाळा, मंडळी!" इस्लविननं लक्ष दिलं नाही. तो फक्त हिरव्या मोटारीचा आवाज ऐकत होता. दाराजवळच्या वळणाआधी आवाज एक सूर खाली उतरला. चढावरच्या वळणाआधी उतरला. कपाटाजवळच्या वळणाआधी उतरला, अगदी त्यानं शिकवला होता तसा. आणि खिडकीपाशी येताना तो उतरला नाही. वर चढला. बोट चुकून राहिल्यासारखा नव्हे. आधी किंचित दम घेऊन मग.

त्यानं डोळे उघडले आणि ओंजळ पुढे केली. मोटार तिच्यात येऊन पडली.

पुढच्या शर्यतीत ती उचलणाऱ्यांत होती आणि तो चालवणाऱ्यांत. तो क्लबची निळी चालवी. स्वतःच्या कपाटातली एकही त्यानं कधी टेबलावर आणली नव्हती. त्या दिवशी त्यानं निळी तीनदा पाडली आणि एमलिनच्या शिव्या खाल्ल्या.

त्यानंतर पुन्हा टेग्वेनची पाळी आली तेव्हा तो एमलिनला म्हणाला, "मला जरा दाराजवळ उभं राहू दे. खिडकीतून गार वारा येतोय, गुडघा धरलाय."

"म्हातारा झालास, सूरवाल्या. जा. खिडकीशी मी उभा राहतो."

शर्यत सुटली. हिरवी मोटार खिडकीखालून गेली. पट्टीला चिकटून, स्वच्छ, सुईतून दोरा जावा तशी. एमलिननं झेल घ्यायला दोन्ही हात पसरले होते; ते तसेच राहिले. मोटार पुढचा फेरा घ्यायला दाराकडे आली. तिचा आवाज किंचित थांबला, दम घेतल्यासारखा, आणि चढला.

ती इस्लविनच्या हातात आली.

"टेग्वेन!" एमलिन हताश होऊन ओरडला. "मी इथे फुटबॉलच्या जाळीसारखा उभा आहे आणि तू तिकडे पाडतेस? तुझं बोट अडकतं काय गं?"

"म्हातारं बोट आहे, एमलिन."

"खिडकीपाशी तरुण होतं की आत्ता!"

टेग्वेन छताकडे बघत कुठल्यातरी भजनाची चाल गुणगुणत होती.

इस्लविनच्या हातात मोटार होती. इतके गुरुवार तो ती झेलत होता, पण प्रत्येक वेळी तडा शोधत होता, नळी बघत होता, आणि घाईनं परत ठेवत होता. आज त्यानं नळी पाहिली नाही. हात जरा उघडला. छोट्या मोटारीचं अंग गरम होतं. तेलाचा आणि जळक्या विजेचा वास येत होता. बाटलीच्या काचेसारखा रंग दिव्याखाली आतून उजळल्यासारखा दिसत होता. दिलेली नव्हती ती कुणी त्याच्या हातात. पडली होती, आणि नियमानं त्यानं उचलली होती.

"ठेव की रे!" कुणीतरी ओरडलं.

"राहू दे त्याला," टेग्वेन म्हणाली. "मला कुठे जिंकायचंय?"

इस्लविननं मोटार खाचेत ठेवली. पण बोट लगेच काढलं नाही.

त्या आठवड्यात त्यानं आपलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर, मूळ पेटीत, हिरवीच्याच वयाची, निळ्या नाकाची एक पांढरी मोटार होती. ती कधी कुठल्याच टेबलावर धावली नव्हती. तिच्या जिभेखालच्या तांब्याच्या तारांवर एक ओरखडा नव्हता. मेरिगनं तिच्यासाठी एमलिनकरवी दोनदा निरोप धाडला होता. विकू नकोस म्हणावं, फक्त एकदा हातात धरू दे. इस्लविननं पहिल्या निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी एमलिनला म्हणाला होता, त्याला सांग, तुझे हात मिटायला वेळ लागतो. एमलिननं ते सांगितलं नव्हतं, असं तो म्हणायचा. पण एमलिनच्या पोटात काय राहतं ते सगळ्या दरीला माहीत होतं.

गुरुवारी इस्लविन आला तेव्हा त्याच्या काखेत ती पेटी होती. त्यानं ती टेबलावर उघडली तसा खोलीतला गोंधळ थांबला.

"दाखवायला आणलीस?" एमलिननं हळूच विचारलं.

"चालवायला."

"शुद्धीवर आहेस ना? दादा, ही एकदा धावली की हिची किंमत..."

"माहीत आहे मला एकदा धावली की काय होतं. कोण कुठे उभं आहे?"

टेग्वेन खिडकीखालच्या वळणावर होती. तिनं पेटी पाहिली होती. तिनं एप्रनला हात पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले.

शर्यत सुटायचा दिवा हिरवा झाला. इस्लविननं खटका दाबला. साठ वर्षं गप्प राहिलेलं ते यंत्र आधी खरखरलं, अडखळलं, आणि मग त्याला आवाज सापडला. तो आवाज हिरवीपेक्षा अर्धा सूर वरचा होता. इस्लविननं मोटारीला एक अख्खा फेरा हळू हळू फिरवलं. बाकीचे कधीच पुढे गेले होते. दार गेलं, चढ गेला, कपाट गेलं. प्रत्येक वळणाआधी त्यानं बोट सैल सोडलं.

दुसऱ्या फेऱ्याला खिडकी समोर आली. इस्लविननं खोल श्वास घेतला. टेबलाच्या पलीकडे टेग्वेनचे खांदे वर झाले.

पांढरी मोटार खाचेतून उडाली. टेग्वेननं एप्रनचा झोळा पुढे केला आणि ती त्यात अलगद पडली.

"ठेव, टेग्वेन, ठेव!" एमलिन सवयीनं ओरडला.

"थांब रे मेल्या."

तिनं मोटार दोन्ही हातांत घेतली. उलटी केली, सरळ केली, टपावरून एकदा अंगठा फिरवला, जणू कुणाला तरी दाखवत असावी. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. इस्लविनला आलं असेल. मग तिनं वाकून मोटार खाचेत ठेवली, नाक सरळ केलं, आणि टेबलाच्या पलीकडे बघितलं.

"चल," ती म्हणाली. "अजून फेरे आहेत."

एवढंच. तुम्ही आज घरी जाल, देवासमोर बसाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल. ती घेऊन झाली की शेवटी एक नाव माझ्यासाठी घ्या. मेरिग हॉपकिन, कुम ऐथिनचा. भला होता की बुरा, ते त्या दरीत अजून ठरलेलं नाही. पण तो बाहेर पावसात उभा राहून गाणं ऐकायचा. त्याची आठवण ठेवा.